नऊ ठोक्यांचा मुजरा

मंगळवारी सकाळी ओवी वाकचौरेचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होते. पापड घालताना मी फोन उचलत नाही आणि ओवीला ते चांगलं माहीत आहे. तरी पोरीनं लागोपाठ चार वेळा लावला. शेवटी पदराला हात पुसून उचलला आणि आधी तिला झापलं.

“ताई, झापा नंतर,” ती म्हणाली. “तांडेलानं मुजरा केलाय.”

“मग करू दे की! तो काय आज करतोय? गेल्या अकरा वर्षांत वाटेतला एक दगड सोडलेला नाही त्यानं.”

“नऊ ठोके, ताई.”

मी पापडांच्या कडेला तशीच खाली बसले. एक-दोन पापड मोडले असतील, मोडू देत.

आता हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यावरून जाईल. मी पद्मजा मगदूम, राहणार जयसिंगपूर, वय एकसष्ट. जन्मापासून मला दिसत नाही. साखर कारखान्याच्या ऑफिसात तीस वर्षं फोन घेतले, आणि उरलेला सगळा वेळ अंतराळात लढाया केल्या. हसू नका. खरंच केल्या.

आमच्या कॉलेजात उपाध्ये सर पदार्थविज्ञान शिकवायचे. वर्गात आम्ही तिघं अंध होतो. चित्रांचे खेळ आमच्या काय उपयोगाचे? म्हणून सरांनी नुसत्या अक्षरांचा एक खेळ लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं आरमार. मी जयसिंगपुरात बसायचं, दुसऱ्यानं बीडमध्ये, तिसरीनं दुबईत, आणि सगळ्यांची जहाजं एकाच आकाशात. चित्र एकही नाही. दर दोन सेकंदांनी एक ओळ येणार: तुमचा वेग इतका, नाक अमुक दिशेला, समोर एक गलबत, अंतर चारशे कोस. त्या दोन सेकंदांना आम्ही ठोका म्हणतो. कॉम्प्युटर ती ओळ बोलून दाखवतो, आणि आम्ही त्याला इतका पळवतो की डोळस माणसाला वाटतं यंत्र बिघडलंय. पुढचा ठोका पडायच्या आत हुकूम टाईप करायचा. वळ. जोर लाव. तोफ डाग.

सर महा हट्टी. खऱ्या अंतराळात होतं तेच इथं होणार म्हणाले. ब्रेक नाही. एकदा घेतलेला वेग आपोआप जात नाही, उलटं तोंड करून तेवढाच जोर लावावा लागतो. पहिल्या महिन्यात मी अकरा जहाजं चंद्रावर आपटली. आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम सरांनी सगळ्यांना एकच लावला. ग्रहाला तोच, चंद्राला तोच, तुमच्या-माझ्या जहाजालाही तोच. वजन आहे ना, मग ओढ आहे. खेळात जाणवावी म्हणून जहाजांची ओढ जरा वाढवून घेतली, एवढंच.

त्यातूनच खरी मजा सुरू झाली. जहाजाचे दिवे मालवले की ते दुसऱ्याच्या ओळीतून नाहीसं होतं. पण त्याचं वजन कुठं जाणार? ते तुम्हाला ओढतच राहतं. तुमच्या वेगाचा आकडा दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या घरात एकानं हलतो. वाचणारा माणूस असल्या आकड्यावरून नजर फिरवून पुढं जातो. आम्ही ऐकतो. सात सात दोन. सात सात दोन. सात सात तीन. अहाहा! अंगावर असा काटा येतो म्हणून सांगू. कुणीतरी आहे!

कुणी आहे हे कळलं की त्याला मुजरा करायचा. जहाजाचं नाक तीन अंश खाली, धरून ठेवायचं, परत वर. तू लपलास, पण मला कळलास, असा त्याचा अर्थ. किती ठोके धरायचं तेही ठरलेलं. सगळ्यात हलक्या होडीला एक ठोका, तिच्या दुप्पट वजनाला दोन, त्याच्याही दुपटीला तीन. म्हणजे नुसतं कळलं नाही, मोजलंसुद्धा, हे दाखवायचं. ठोके बरोबर आले तर लपलेल्यानं दिवे लावून समोर यायचं. आणि मुजऱ्यात असलेल्या जहाजावर कुणीही तोफ डागायची नाही. हा रिवाज सरांनी लिहिलेला नव्हता, तो आमचा आम्ही पाळायचो.

बारा वर्षांपूर्वी तळेगावजवळच्या अवकाश केंद्रातून ओवी आमच्याकडे आली. तेव्हा पंचविशीची पोरगी. त्यांचं पांथस्थ नावाचं यान नेपच्यूनच्या पलीकडं, शुभ्रा नावाच्या चकचकीत बर्फाळ गोळ्याकडं निघायचं होतं. तिथून सिग्नल यायला साडेनऊ तास. इथं बसून हाकणं शक्यच नाही, यानातच चालक हवा. चित्रं बघून चालवणारा प्रोग्राम भरपूर वीज खातो आणि पांथस्थकडं वीज घरातल्या एका बल्बाएवढी. ओवीनं विचार केला, ज्यांनी जन्मभर नुसत्या आकड्यांवर जहाजं हाकली त्यांच्याकडूनच चालक घडवावा. उपाध्ये सरांनी आरमारची एक ओळ कधी पुसली नव्हती. एकतीस लाख लढाया, प्रत्येक ठोक्याची ओळ आणि त्यावर आम्ही दिलेला हुकूम, हे सगळं तिनं एका छोट्या प्रोग्रामला शिकायला दिलं. तो शिकला. त्याचं नाव ठेवलं तांडेल, म्हणजे जहाज हाकणारा.

पठ्ठ्या आमच्या खोडींसकट शिकला. मुजराही करायला लागला! शास्त्रज्ञ वैतागले. मुजरा काढून टाकला तर तो हाकायचंच विसरायचा, कारण मोजणं आणि वाकणं त्याच्या लेखी एकच काम. शेवटी नाद सोडला. खऱ्या आकाशातल्या वजनांसाठी ओवीनं पट्टी बदलली, पण दुपटीला एक ठोका हा हिशेब तसाच राहिला.

“आता नीट सांग,” मी ओवीला म्हणाले. “कुणाला वाकला?”

“शुभ्राच्या दिशेनं. पण शुभ्राला तीन ठोके पुरेत, ताई. तिचं वजन आम्हाला माहीत आहे. हा नऊ ठोके वाकला, आणि तेव्हापासून विचारतोय, बारा हजार किलोमीटर बाहेरून जाऊ का? आम्ही त्याला कुलूप लावून ठेवलंय. विचारायचं, हलायचं नाही. तांबोळी सरांनी बैठक लावलीय. निम्मे लोक म्हणतात हा बिघाड आहे, तांडेल बंद करा, यान ठरल्या वाटेनं सरळ जाऊ द्या.”

“आणि बाहेरून गेलं तर?”

“तेवढं वळायचं इंधन एकदाच पुरेल. आणि तिथं काही नसलं तर शुभ्रा नुसता ठिपका दिसेल. अकरा वर्षांचा प्रवास एका ठिपक्यासाठी. पण काही असलं आणि आपण सरळ गेलो...” तिनं वाक्य सोडून दिलं. “दुपारी सव्वा वाजेपर्यंत हुकूम गेला पाहिजे. त्यानंतर वळता येणार नाही. ताई, आरमारच्या एकतीस लाख लढायांत नऊ ठोक्यांचा मुजरा एकदाच सापडतो. तुम्हाला केलेला. त्यावरूनच हा शिकला असणार. तो मुजरा खरा होता का?”

नेमकं तिथंच बोट ठेवलं पोरीनं.

चौदा वर्षांपूर्वी आरमारातल्या शनीच्या कड्यांजवळ वेढा पडला होता. आमच्या बाजूची तीन मालवाहू गलबतं इंजिनं बंद पडून अडकली होती. माझी होडी म्हणजे दोन ठोक्यांचं चिरगूट. पण मी ती तिन्ही दोरांनी माझ्यामागं बांधली, दिवे मालवले, आणि हळूहळू वेढ्यातून बाहेर काढायला निघाले. वेढा भालचंद्र टेकाळेचा. अंबाजोगाईचा, पोस्टात नोकरीला. हा माणूस डोळस, पण आमच्याकडून सारखा हरतो म्हणून चिडून मॉनिटर बंद करून कानांनी खेळायला शिकला. त्याचं जहाज बालाघाट, अकरा वर्षं जपलेलं.

मी अगदी जवळून निसटत असताना सगळ्यांना ऐकू जाणारी ओळ आली. बालाघाट, नाक तीन अंश खाली. एक. दोन. मला वाटलं, झालं, सापडले. पण तो नाक वर घेईना. तीन. चार. पाच. लोक हसायला लागले. लहान जहाजाला लांबलचक वाकून चिडवायची खोड काही जणांना होती. सात. आठ. नऊ. माझ्या दोन ठोक्यांच्या होडीला नऊ! आईला जाऊन महिना झाला नव्हता, मी आधीच भरलेली होते. त्याचं नाक वर यायच्या आत मी तोफ डागली.

आरमारात बुडालेलं जहाज परत मिळत नाही. टेकाळे त्या दिवशी गेला तो पुन्हा आला नाही. मुजऱ्यात गोळी घातली म्हणून काही जण माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी मात्र चौदा वर्षं ठणकावून सांगत आले, त्यानं माझी थट्टा केली, त्याला तसंच पाहिजे होतं.

म्हणजे आता बघा. तो मुजरा थट्टेचा असेल तर तांडेल थट्टा शिकलाय आणि त्याच्या नऊला काडीची किंमत नाही. खरा असेल तर... खरा असेल तर मी काय केलं होतं?

“मला अर्धा तास दे,” मी म्हणाले.

नंबर माझ्याकडं होता. चौदा वर्षं होता. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

“कोण?”

“पद्मजा मगदूम. जयसिंगपूर.”

पलीकडं कुकरची एक पूर्ण शिट्टी झाली. मग टेकाळे म्हणाला, “चौदा वर्षं झाली की ओ. रेंज नव्हती का बाई तुमच्याकडं?”

“भालचंद्रराव, एकच विचारते. तो मुजरा खरा होता का थट्टेचा?”

“हे विचारायला फोन केलाव?”

“माझ्यासाठी नाही विचारत. एक यान आहे.” आणि मी सगळं सांगितलं. पांथस्थ, शुभ्रा, कुलूप, सव्वा वाजता संपणारी वेळ. मागं कुणीतरी कुकर बंद केला.

“ऐका मग,” तो म्हणाला. “त्या दिवशी माझा आकडा हलला तो चौथ्या घरात नाही. तिसऱ्या घरात हलला. म्हणलं, हे काय येऊ लागलंय? दिवा नाही, आवाज नाही, अन् एवढं वजन? तीनदा मोजलं. तीनदा नऊ आलं. म्हणलं, कुणीतरी अख्खा डोंगर घेऊन माझ्या नाकासमोरून चाललंय, अन् काय सफाईनं चाललंय! तुम्ही आहात हे मला कुठं ठाऊक? नऊ ठोके नाक खाली धरलं. अन् तुम्ही तोफ डागली.”

“पण माझी होडी दोन ठोक्यांची होती!”

“अन् मागं काय बांधलं होतं?”

आरमारात आपल्या ओळीत वजन येतं ते फक्त आपल्या जहाजाचं. दोरानं ओढलेलं त्यात धरत नाहीत. चौदा वर्षं मी माझ्या ओळीतला आकडा कवटाळून बसले होते. दोर मी बांधले, गाठी मी तपासल्या, आणि त्या तीन गलबतांचं वजन मोजणाऱ्याला जाणवणार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. टेकाळेच्या ओळीत होडी नव्हती, गलबतं नव्हती. नुसती ओढ होती, आणि ती सगळ्यांची मिळून होती.

“तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी कसंबसं विचारलं.

“जहाज बुडवल्यावर हिशेब समजावून सांगू का? मलाही राग येतो की.”

मला भयंकर लाज वाटली. माफी मागायला हवी होती हे कळत होतं, पण मागितली नाही. चौदा वर्षं ज्या माणसाला शिव्या घातल्या त्याला एका दमात काय म्हणायचं?

“आधी यान बघा,” टेकाळेच म्हणाला. “फोन ठेवू नका. मला ऐकायचंय.”

मी ओवीला त्याच फोनवर जोडून घेतलं आणि त्या वेढ्याची नोंद काढायला लावली. कळांचा आवाज येत राहिला.

“तुमची होडी दोन,” ती म्हणाली. “गलबतं अठ्ठ्याहत्तर, नव्वद आणि एक्क्याऐंशी. एकूण दोनशे एकावन्न.”

“आणि नऊ ठोक्यांना किती?”

“एक, दोन, चार, आठ...” ती दुपटी करत गेली. “नववी पायरी दोनशे छप्पन्न. ताई! बरोबर मोजलं होतं त्यांनी!”

“मग? पोस्टात उगाच होतो का?” टेकाळे म्हणाला.

“म्हणजे तांडेलही मोजूनच वाकलाय,” मी म्हणाले. “ओवी, शुभ्राला तीन, त्यानं दिले नऊ. सहा ठोके जास्त. सहा वेळा दुप्पट कर.”

“दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. चौसष्टपट वजन.”

“रुंदी किती होईल?”

“चार गुणिले चार गुणिले चार. चौपट रुंद.” तिनं ते पुन्हा एकदा मोजलं. “शुभ्रा एवढी मोठी नाही. तिचा उजेड आम्ही मोजलाय. ताई, ते वजन शुभ्राचं नाही. तिथं दुसरं काहीतरी आहे. काजळीसारखं काळं असणार, म्हणून दिसलं नाही. तीस वर्षं शुभ्राचे फोटो जरासे पुसट येतात, आम्ही दुर्बिणीला नावं ठेवतो. ती डोलतेय! ती त्याच्याभोवती फिरतेय!”

तांडेलाला हे कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. इथून यानाकडं एक रेडिओचा सूर सतत जात असतो. दूर जाणाऱ्याला तो किंचित उतरलेला ऐकू येतो. किती उतरला ते यानातल्या अणुघड्याळाशी ताडून पाहिलं की यानाला आपला वेग मिळतो, अगदी चौथ्या घरापर्यंत. केंद्रातले लोक त्या आकड्यांची दिवसाची सरासरी काढतात आणि चौथं घर कचरा म्हणून सोडून देतात. तांडेल आमच्या हाताखाली तयार झालेला. तो चौथं घरच ऐकत बसलेला असतो. पन्नास लाख किलोमीटरवरून त्यानं त्या काळ्या जगाची ओढ ऐकली आणि लहानपणी शिकवल्याप्रमाणं मान खाली घातली. ते जग त्याच्यासमोर दिवे मालवून उभं होतं, आणि माणसाच्या जातीतलं पहिलं कुणी त्याच्याकडं चाललं होतं. मी गच्चीवर उन्हात बसले होते आणि मला हुडहुडी भरली.

बारा वाजता ओवीनं मला बैठकीत जोडलं. केंद्राचे प्रमुख डॉक्टर इक्बाल तांबोळी फार सौम्य बोलतात, त्यामुळं जास्तच धडकी भरते.

“पद्मजाताई, तुमचा हिशेब मी पाहिला,” ते म्हणाले. “सुंदर आहे. पण तो एका खेळातल्या एका मुजऱ्यावर उभा आहे. माझ्याआधीच्या लोकांनी यासाठी वीस वर्षं घातली, आम्ही अकरा. तो मुजरा थट्टेचा नव्हता याला तुमच्याकडं पुरावा काय?”

“पुरावा म्हणजे माझी चूक,” मी म्हणाले. आणि त्या खोलीत किती माणसं बसली होती कोण जाणे, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दोरांना बांधलेल्या गलबतांचं वजन मी विसरले. तो खरा वाकला होता. मी वाकलेल्यावर गोळी घातली आणि चौदा वर्षं त्याचीच बदनामी केली. “साहेब, मला हे खोटं ठरलेलं फार आवडलं असतं. आज सकाळपर्यंत मी तेच म्हणत होते. पण त्यानं मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं. तुमच्या यानावर आत्ता तोच बसलाय. त्याच्यावर दुसऱ्यांदा अविश्वास दाखवायचा असेल तर तुम्ही दाखवा, मी दाखवणार नाही.”

मग तांबोळी सर म्हणाले, “तांडेलाचं कुलूप काढा.”

एक वाजून दहा मिनिटांनी हुकूम गेला.

गुरुवारी सकाळी मी तळेगावला होते. ओवीनं गाडी पाठवली होती. टेकाळे फोनवर होता, त्याच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही. खोलीत तीस-चाळीस माणसं असावीत. फोटो यायला अजून दोन दिवस लागणार होते, एका बल्बाच्या विजेवर ते थेंब थेंब येतात. त्या घडीला यानाकडून येत होता तो एक सूर. ओवीनं तो माझ्यासाठी स्पीकरवर लावला होता, वेगातला बारीकसा फरकही कानाला कळेल असा करून. साडेनऊ तासांपूर्वी तिकडून निघालेला सूर. बारीक, सरळ, जराही न हलणारा.

अकरा वाजून चार मिनिटांनी तो तुटला.

हळू होत होत गेला नाही. कापल्यासारखा तुटला. “शुभ्रा मधे येऊ शकत नाही, ती बाजूला आहे,” कुणीतरी घाईघाईनं म्हणालं. “मग आदळलं,” दुसरं कुणीतरी म्हणालं. ओवीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मी मोजायला लागले. मला दुसरं येतं काय? तीन. चार. सहा. सात. मीच सांगितलं होतं कुलूप काढा म्हणून. वीस आणि अकरा वर्षं या माणसांची, आणि माझ्या शब्दावर गेली. नऊ. दहा. तांबोळी सरांची खुर्ची करकरली. अकरा.

आणि बाराव्या सेकंदाला माझ्या लक्षात आलं मी काय ऐकतेय ते. यान आणि आम्ही यांच्यामधून एक जग सरकत होतं. त्याची एक कड गेली होती, दुसरी यायची होती, आणि यान आत्ता त्याच्या बरोब्बर मागं होतं. सूर्य जिथं नुसती चांदणी आहे तिथं ते करोडो वर्षं कुणाच्याही नकळत फिरत आलं होतं. देवा! एवढं मोठं! जन्मभर लोकांनी मला डोंगर सांगितले, समुद्र सांगितला, आभाळ सांगितलं, आणि मी बरं बरं म्हणत आले. आज पहिल्यांदा एवढं मोठं काहीतरी कुणी न सांगता माझं मला कळत होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सोळा. सतरा. अठरा.

एकविसाव्या सेकंदाला सूर परत आला.

तो किंचित उतरला होता. जाता जाता त्या जगानं आमच्या जहाजाला हात लावला होता.

खोलीत काय गलका झाला म्हणून सांगू! कुणीतरी टेबलावर चढलं, कुणीतरी रडत होतं, तांबोळी सर नुसते “अरे, अरे, अरे” म्हणत होते. ओवीनं तिथल्या तिथं गुणाकार केला. यानाचा वेग सेकंदाला एकोणतीस किलोमीटर, सूर बंद होता एकवीस सेकंद. सहाशे नऊ किलोमीटर. शुभ्राच्या चौपट. मग तिनं आमची जुनी वाट त्यावर मांडून पाहिली, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “ताई, ती त्याच्या पोटातून जात होती.”

मी फोन कानाला लावला. टेकाळे होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

“भालचंद्रराव,” मी म्हणाले, “मी तोफ डागायला नको होती. चुकलं माझं. फार चुकलं.”

“असू द्या ओ,” तो म्हणाला. “बाई, त्या पोरीला सांगा, ते परत लावा म्हणावं.”

“सूर?”

“सूर नको. मधलं ते गप्प. तेवढंच लावा.”

मी ओवीला सांगितलं. तिनं सगळ्यांना हात करून थांबवलं असावं, कारण एकेक करत सगळी खोली गप्प झाली. मग तिनं ती एकवीस सेकंदं पहिल्यापासून लावली, आणि आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो.